न्यायाची किंमत आणि कामगारांची वर्गणी

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ पासून कामगारांच्या बाजूने जे काही निकाल दिले, त्यांचे आपल्या पुरोगामी वर्तुळांत बरेच कौतुक झालेले आहे. शिबिरांतून, अभ्यासमंडळांतून आणि आपल्याच पक्षाच्या बैठकांतून हल्ली एक सूर वारंवार कानी येतो. संप आता होत नाहीत, मोर्चाला माणसे जमत नाहीत, विधिमंडळात आपले संख्याबळ नाही. तेव्हा चार चांगले वकील गाठावेत, याचिका दाखल करावी आणि जे रस्त्यावर मिळत नाही ते न्यायमूर्तींच्या हातून मिळवावे. पुराव्यादाखल लंडनच्या उबर निकालाकडे बोट दाखविले जाते. याच्या नेमका उलट सूर काढणारे आपले काही जुने मित्रही आहेत. त्यांच्या लेखी न्यायालय म्हणजे मालकवर्गाची कचेरी. तिथून कामगाराच्या पदरात काही पडलेच तर तो अपघात किंवा धूळफेक. या दोन्ही मंडळींनी मूळ निकाल वाचलेले नाहीत, अशी माझी खात्री होत चालली आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो. मी ते वाचले. ब्रिटिश न्यायाधीश, निदान त्यांच्यातील बरे, आमच्या अर्थशास्त्रज्ञांपेक्षा सुबोध लिहितात हेही सांगितले पाहिजे.

आरंभ २०१३ पासून करावा लागेल. ब्रिटनमध्ये नोकरीविषयक तक्रारींसाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेत. बेकायदा बडतर्फी, थकलेला पगार, सुट्टीचे बुडविलेले पैसे, स्त्री म्हणून किंवा वर्णावरून झालेला भेदभाव, अशा तक्रारी तिथे चालतात. या न्यायाधिकरणांची कल्पनाच अशी होती की कामगाराने वकिलावाचून आणि खर्चावाचून तिथे उभे राहावे. प्रारंभापासून तिथे एका पेनीचेही शुल्क नव्हते. जुलै २०१३ मध्ये हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने ते बसविले. पगार थकल्यासारख्या साध्या दाव्याला सुनावणीपर्यंत ३९० पौंड. बडतर्फी किंवा भेदभावाच्या दाव्याला १,२०० पौंड. अपील करायचे तर आणखी १,६००. आणि हे सारे संसदेत विधेयक आणून नव्हे, तर मंत्र्याच्या एका आदेशाने.

सरकारची बाजू ऐकण्यासारखी होती, कारण तीच बाजू आपल्याकडे इस्पितळांच्या, विद्यापीठांच्या आणि एस. टी.च्या संदर्भात आपण रोज ऐकतो. जो सेवा वापरतो त्याने तिचा खर्च उचलावा. करदात्याने का उचलावा? शिवाय शुल्क असले की खोटे, खोडसाळ दावे आपोआप गळून पडतील. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी अर्थशास्त्राचे पहिले प्रकरण वाचले होते, दुसरे नाही.

परिणाम काय झाला? दाव्यांची संख्या दोन तृतीयांशांहून अधिक घसरली. शंभर माणसे जिथे दाद मागत होती तिथे तीस-पस्तीस मागू लागली. खोडसाळ दावे गळून पडले असते, तर उरलेल्या दाव्यांत जिंकणाऱ्यांचे प्रमाण वाढायला हवे होते. ते वाढले नाही. म्हणजे गळाले ते खोटे लोक नव्हते, गरीब लोक होते. मागणीची लवचिकता हा विषय मी आयुष्यभर वर्गात शिकविला. मिठाची मागणी ताठर असते आणि चैनीच्या वस्तूची लवचीक. ब्रिटिश सरकारने एका आदेशासरशी न्याय हा मिठाच्या डब्यातून काढून अत्तराच्या कुपीत घातला.

या आदेशाला युनिसन या सार्वजनिक सेवांतील कामगारांच्या संघटनेने आव्हान दिले. इस्पितळांतील सफाई कामगार, नगरपालिकांतील कारकून, शाळांतील स्वयंपाकिणी, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया, अशांची ही युनियन. सभासद तेरा लाखांच्या घरात. ती २०१४ मध्ये उच्च न्यायालयात हरली. त्याच वर्षी दुसऱ्यांदा हरली. २०१५ मध्ये अपील न्यायालयात हरली. चौथ्या खेपेस, २६ जुलै २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने तो आदेश मुळापासूनच बेकायदा ठरविला आणि तेव्हापर्यंत वसूल केलेले सगळे शुल्क सरकारला परत करावे लागले.

लॉर्ड रीड यांचे मुख्य निकालपत्र प्रत्येक कार्यकर्त्याने कुणाकडून तरी समजून घ्यावे असे आहे. ते १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे जातात. राजा कुणाला न्याय विकणार नाही हे वचन त्यात आहे. ते सोडून देऊ, कारण वचने पुष्कळ असतात. निकालाचे बळ त्याच्या हिशेबात आहे. कमी उत्पन्नाच्या काल्पनिक कुटुंबांचे मासिक अंदाजपत्रक न्यायालयापुढे मांडलेले होते. शुल्क भरायचे तर अशा कुटुंबाला साध्या, वाजवी गरजांवरचा खर्च महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ बाजूला ठेवावा लागतो, हे न्यायाधीशांनी आकड्यांनी पाहिले. दुसरा हिशेब त्याहून बोचरा. ज्याचा दोन-तीनशे पौंड पगार थकला आहे, त्याने तो मिळविण्यासाठी आधी ३९० पौंड भरायचे. जिंकला तर शुल्क मालकाकडून वसूल होणार, हे कागदावर. प्रत्यक्षात सरकारच्याच पाहणीनुसार जिंकलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच निवाड्याची पूर्ण रक्कम मिळत होती आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिकांना एक पैसाही मिळत नव्हता. असा दावा कोणताही शहाणा माणूस लावणार नाही. जो हक्क बजावणे म्हणजेच मूर्खपणा ठरतो, तो हक्क उरला कुठे? न्यायालयाने हाच प्रश्न विचारला. हक्क रद्द न करता त्याची किंमत वाढवून तो मारता येतो, आणि तसे मारणे हे रद्द करण्यासारखेच आहे, असे त्याने मान्य केले.

आणि मग सेवा वापरणाऱ्याने खर्च द्यावा या युक्तिवादाचे उत्तर. न्यायाचा लाभ फक्त दावा लावणाऱ्याला होत नाही. मालकाला ठाऊक असते की कामगार दाद मागू शकतो, म्हणून तो न भांडताही पगार देतो. हा लाभ कधीच न्यायालयाची पायरी न चढलेल्या लाखोंचा. लॉर्ड रीड यांनी इथे १९३२ च्या एका प्रसिद्ध स्कॉटिश खटल्याची आठवण दिली आहे. पेझली गावात एका बाईला जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगायीचे अवशेष सापडले, आणि तिच्या दाव्यातून उत्पादकाची ग्राहकाप्रती जबाबदारी हे तत्त्व साऱ्या जगाला मिळाले. (ती बाई लॉर्ड्सच्या सभागृहासमोर निर्धन म्हणून नोंदली जाऊन गेली होती. तिला तेव्हा १,२०० पौंडांच्या तोलाचे शुल्क भरावे लागते, तर आजही आपण बाटलीतील गोगलगाय मुकाट गिळत असतो.) बाह्य लाभ ही संकल्पना आम्ही बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवितो. मंत्रालयातील अर्थतज्ज्ञांना ती न्यायाधीशांकडून शिकावी लागली.

तेव्हा आपल्या जुन्या मित्रांना पहिला प्रश्न. न्यायालय ही केवळ मालकाची कचेरी असेल, तर हा निकाल कुठल्या पेटीत टाकणार?

आणि याचिकावाल्या मित्रांना दुसरा. तीनदा हरल्यानंतर चौथ्यांदा लढण्याचा खर्च कुणी दिला? कुणा दानशूराने नव्हे. सफाई कामगाराच्या पगारातून महिन्याला कापल्या जाणाऱ्या वर्गणीने दिला. ज्या देशात ती वर्गणी गोळा करणारी युनियन नसते, तिथे लॉर्ड रीड यांच्यासमोर तो खटला पोहोचतच नाही; तो २०१४ सालीच संपतो. आपल्या चर्चेत न्यायाधीशाचे नाव येते, वकिलाचे नाव येते, वर्गणीचे येत नाही.

उबरकडे वळू. निकाल १९ फेब्रुवारी २०२१ चा. लंडनमध्ये उबरची मोटार चालविणाऱ्यांनी, ज्यांत दक्षिण आशियाई वंशाचे लोक अनेक, दावा केला होता की आम्ही स्वतंत्र धंदेवाले नसून कंपनीचे कामगार आहोत. कंपनीचे म्हणणे, आम्ही केवळ तंत्रज्ञान पुरवितो. करार चालक आणि प्रवासी यांच्यात होतो. तसे छापील करारात लिहिलेलेही होते, वकिलांनी नेटके लिहिलेले. लॉर्ड लेगॅट यांनी त्या कराराला चौकटीबाहेर ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कायदा दुबळ्या पक्षाला संरक्षण देण्यासाठी केलेला आहे, सबळ पक्षाने स्वतः लिहिलेल्या करारावरूनच तो लागू आहे की नाही हे ठरवायचे, तर संरक्षण देण्यात अर्थ काय? भाडे कंपनी ठरविते, अटी कंपनी लादते, भाडी नाकारली तर कंपनी दंडादाखल ॲपबाहेर करते, प्रवाशांनी दिलेल्या गुणांवरून कंपनी त्याला काढू शकते, प्रवाशाशी त्याचा परस्पर संबंध राहू नये अशी तजवीजही कंपनीच करते. मग हा धंदेवाला कसला? ॲप चालू केल्यापासून बंद करेपर्यंत तो कामावर आहे, आणि त्या साऱ्या वेळेचे किमान वेतन व पगारी सुट्टी त्याला मिळाली पाहिजे. या निकालाच्या आधी २०११ मध्ये मोटारी धुणाऱ्या वीस कामगारांचा एक खटला होऊन गेला होता. कागदापेक्षा वस्तुस्थिती पाहायची, हा पाया त्या मोटार धुणाऱ्यांनी घालून दिला होता.

उत्तम निकाल. आता पुढे काय झाले ते पाहा, कारण आपल्याकडे गोष्ट नेहमी टाळ्यांपाशी थांबते. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की ब्रिटनमधील ७० हजारांहून अधिक चालकांना किमान वेतन, सुट्टी आणि निवृत्तिवेतन मिळेल. मात्र भाडे स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच्या वेळेचेच. ॲप चालू ठेवून रस्त्याच्या कडेला वाट पाहण्याचा वेळ हिशेबात नाही. न्यायालयाने म्हटले होते चालू केल्यापासून बंद करेपर्यंत. कंपनीने त्याचा मधला तुकडा स्वीकारला. गिरणगावात सकाळी फाटकाशी उभा राहून बदली मिळते का पाहणाऱ्या कामगाराच्या उभे राहण्याचे पैसे कुणी दिले नव्हते. लंडनच्या चालकाच्या थांबण्याचेही कुणी देत नाही. उरलेला तुकडा मिळविण्यासाठी पुन्हा दावे, पुन्हा वकील. पहिल्या न्यायाधिकरणाचा निकाल ऑक्टोबर २०१६ चा, सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा. इतक्या वर्षांत कंपनीला पगारी वकील होते आणि दावेदारांना पुन्हा युनियनची मदत आणि लोकांनी दिलेली वर्गणी.

त्याच न्यायालयाने उबरनंतर महिन्याभरातच, मार्च २०२१ मध्ये, दुसरा एक निकाल दिला. त्याची आठवण आपल्या मित्रांना सहसा नसते. अपंग आणि मतिमंद व्यक्तींच्या घरी रात्री झोपायला राहणाऱ्या, हाक आली तर उठणाऱ्या शुश्रूषा कामगारांचा तो खटला. झोपेच्या तासांना किमान वेतन लागू नाही, असे न्यायालयाने ठरविले. न्यायाधीश महिन्यात बदलले नव्हते. बदलला होता तो मजकूर: किमान वेतनाच्या नियमांतच, झोपण्याची सोय केलेल्या कामगाराचा जागेपणीचा वेळ तेवढा मोजावा, असे लिहिले होते. उबरच्या चालकाला कायद्याच्या शब्दात जागा सापडली. रात्रपाळीच्या बाईला सापडली नाही.

याहून बोलके उदाहरण डिलिव्हरूचे. लंडनच्या कॅमडेन भागात सायकलीवरून जेवणाचे डबे पोहोचविणाऱ्या पोरांनी २०१६ मध्ये आयडब्ल्यूजीबी या लहानशा युनियनमार्फत कंपनीकडे वाटाघाटीसाठी मान्यता मागितली. अर्ज दाखल झाल्यानंतर, सुनावणीपूर्वी, कंपनीने नवा करार काढला. त्यात एक कलम होते: स्वार आपल्या जागी बदली माणूस पाठवू शकतो. हे कलम वापरणारे फारच थोडे. पण ते खोटे आहे असेही म्हणता येईना. २१ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्याला आपले काम हवे तेव्हा दुसऱ्याकडून करवून घेता येते, तो नोकरीच्या नात्यात नाही; म्हणून युरोपीय मानवी हक्क कराराच्या ११ व्या कलमातील संघटना-स्वातंत्र्याच्या आधारे तो कंपनीला मान्यता द्यायला भाग पाडू शकत नाही. सात वर्षांची लढत एका बदलीच्या कलमावर हरली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, कंपनीने जीएमबी या दुसऱ्या मोठ्या युनियनशी राजीखुशीने करार करून घेतला होता. कुणाशी बोलायचे हे मालकाने ठरवावे, अशी ही व्यवस्था.

ब्रिटनमधील भारतीयांना हा प्रसंग नवा वाटू नये. १९७६ ते ७८ या काळात लंडनच्या विल्सडेन भागातील ग्रुनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. संपकरी बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रिया. त्यांची मागणीही हीच होती: युनियनला मान्यता. कायद्याने नेमलेल्या सलोखा यंत्रणेने कामगारांची मते आजमावून मान्यतेची शिफारस केली. मालकाने आत राहिलेल्या कामगारांची नावे-पत्ते द्यायला नकार दिला होता, त्यामुळे त्यांना विचारता आले नव्हते. डिसेंबर १९७७ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने ती शिफारस रद्द केली. कारण सर्वांची मते आजमावली नाहीत! ज्याने मते आजमावू दिली नाहीत त्यालाच त्याचा लाभ. न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशी समितीने कामगारांना परत घ्यावे असे म्हटले, तेही मालकाने मानले नाही. जुलै १९७८ मध्ये संप संपला. त्या संपासाठी खाण कामगार यॉर्कशायरहून येऊन फाटकाशी उभे राहिले होते, टपाल कामगारांनी कारखान्याची पाकिटे अडविली होती, आणि तरीही हार झाली. म्हणून आमच्या जुन्या मित्रांचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. त्याला इतिहास आहे.

पण संशयावर थांबले की कायद्याची रचना समजून घ्यायची राहते. भारतात न्यायालय संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकते. ब्रिटनमध्ये ते होत नाही. तिथे संसद सार्वभौम आहे. मंत्र्याचा आदेश न्यायालय रद्द करू शकते, संसदेचा कायदा नाही. शुल्काचा आदेश मंत्र्याचा होता, म्हणून उडाला. संपकऱ्यांच्या जागी कंत्राटी माणसे पुरविण्याची मुभा देणारी नियमावलीही मंत्र्याचीच होती. कामगार संघटनांशी सल्लामसलत न करता ती आणली म्हणून उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ती उडविली. मात्र जिथे अडथळा खुद्द कायद्याचा आहे, तिथे न्यायाधीशाचा हात आखडतो. एप्रिल २०२४ च्या मर्सर खटल्यात हे उघड झाले. तोही शुश्रूषा कामगारांचा, आणि झोपून काढायच्या रात्रपाळीच्या पैशांवरूनच झालेल्या संपातून निघालेला. संपात पुढाकार घेतला म्हणून एका कार्यकर्तीला निलंबित केले गेले. कायद्यात तिला संरक्षण सापडेना. कारण १९९२ चा कायदा युनियनच्या कामाला संरक्षण देतो ते कामाच्या वेळेबाहेर, आणि संप हा कामाच्या वेळेतच करायचा असतो. रविवारी घरी बसून संप कसा करणार? सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की हा कायदा मानवी हक्क कराराशी विसंगत आहे. सांगितले, आणि थांबले. विसंगती जाहीर करण्यापलीकडे त्याला अधिकार नव्हता. पोकळी भरायची ती संसदेने.

किमतीचा मुद्दा आता उलट्या बाजूने पाहू. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या कंपनीने ७८६ खलाशांना आधी चित्रित करून ठेवलेल्या संदेशाद्वारे त्याच दिवसापासून कामावरून काढले. इतक्या लोकांना काढायचे तर युनियनशी आधी विचारविनिमय करणे कायद्याने सक्तीचे आहे. आठवड्याने कंपनीचा मुख्य अधिकारी खासदारांच्या समितीपुढे आला आणि त्याने सरळ कबूल केले की हा कायदा आम्ही जाणूनबुजून मोडला, कारण युनियनने मान्यता दिलीच नसती. त्यांच्या जागी आणलेल्या कंत्राटी खलाशांचा सरासरी दर तासाला साडेपाच पौंड, ब्रिटनच्या किमान वेतनाहून बराच कमी. काढलेल्यांना भरपाईपोटी साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम दिली गेली आणि फौजदारी कारवाई कुणावरही झाली नाही. म्हणजे कायदा मोडण्याचा खर्च आधी काढला, तो परवडतो असे दिसले आणि मोडला. कामगाराला कायद्याच्या दारात शिरायला १,२०० पौंड जड होते. मालकाने साडेतीन कोटी मोजून तो तोडून टाकला. या कंपनीची मालकी दुबईच्या डीपी वर्ल्डकडे आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की न्हावा-शेवा बंदरात याच डीपी वर्ल्डची कंटेनर टर्मिनले चालतात.

सप्टेंबर २०२४ चा टेस्को निकाल याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. या किराणा कंपनीने गोदामे हलविताना कामगारांनी सोडून जाऊ नये म्हणून त्यांना जादा वेतन देऊ केले होते आणि ते कायमचे राहील असे लेखी सांगितले होते. २०२१ मध्ये ती म्हणाली, ते सोडा, नाहीतर कामावरून काढून नव्या अटींवर पुन्हा घेऊ. उस्डॉ या दुकान कामगारांच्या युनियनने मनाई हुकूम मागितला. उच्च न्यायालयात जिंकली, अपिलात हरली, सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकली. कायम या शब्दाचा अर्थ कायम असाच होतो, एवढेच ठरायला साडेतीन वर्षे गेली. टेस्कोच्या कामगारांकडे लेखी शब्द होता आणि तो वाचून दाखवायला युनियन होती, म्हणून ते वाचले.

हे लेखी शब्द येतात कुठून? इथे १९०१ चा टॅफ व्हेल निकाल आठवावा लागतो. दक्षिण वेल्समधील रेल्वे कामगारांनी संप केला. कंपनीने संघटनेवर नुकसानभरपाईचा दावा लावला. लॉर्ड्सच्या सभागृहाने तो मान्य केला आणि संघटनेला २३ हजार पौंड भरावे लागले. वर्गणीची पेटीच रिकामी करण्याची ती युक्ती होती. ब्रिटिश कामगारांनी त्यावर फेरविचाराचा अर्ज केला नाही. एका वर्षापूर्वी स्थापन झालेल्या आणि तोवर कुणी फारसे न मोजलेल्या मजूर प्रतिनिधी समितीकडे संघटना भराभर येऊ लागल्या. १९०६ च्या निवडणुकीत २९ मजूर खासदार निवडून आले आणि त्याच वर्षी संपाच्या नुकसानीबद्दल संघटनेवर दावा लावता येणार नाही असा कायदा झाला. त्याची लाट आपल्यापर्यंत पोहोचली. १९२०-२१ मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात तिथल्या उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम बजावला, तेव्हा मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात नारायण मल्हार जोशी यांनी कामगार संघटनांसाठी कायदा करण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावच्या या माणसाने न्यायाधीशाला दोष देण्यात वेळ घालविला नाही. त्याने न्यायाधीशाच्या हातातला कायदाच बदलायला घेतला.

१९०६ ला मिळालेले थॅचरबाईंनी १९८२ मध्ये काढून घेतले. संघटनेच्या पेटीवर पुन्हा दावे लागू लागले. खाण कामगारांच्या १९८४-८५ च्या संपात उच्च न्यायालयाने त्यांच्या युनियनला दोन लाख पौंड दंड केला आणि तो न भरल्यावर तिची मालमत्ता जप्तीत गेली. २०१६ च्या कायद्याने संपाच्या मतदानात निम्म्या सभासदांनी भाग घेतलाच पाहिजे ही अट आली. हीच अट खासदारांना लावली असती तर ती मंडळी केवढी चिडली असती! २०२३ मध्ये संपाच्या दिवशीही ठरावीक सेवा चालविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. ही सगळी कामे न्यायाधीशांनी केली नाहीत. संसदेने, बहुमताने केली.

आणि संसदेनेच त्यातले काही परत फिरविले. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. त्याचा रोजगार हक्क कायदा १८ डिसेंबर २०२५ रोजी मंजूर झाला. किमान सेवेचा २०२३ चा कायदा त्याने रद्द केला, २०१६ च्या कायद्याचा बराच भाग मोडीत काढला, मर्सर खटल्यातील पोकळी भरण्याची तरतूद केली, काढून पुन्हा घेण्याच्या टेस्को-पद्धतीला आवर घातला. अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तथापि जाहीरनाम्यात कामाच्या पहिल्या दिवसापासून अन्याय्य बडतर्फीविरुद्ध संरक्षणाचे आश्वासन होते. विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात वारंवार अडले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने माघार घेऊन सहा महिन्यांच्या नोकरीची अट मान्य केली. पूर्वी ती दोन वर्षांची होती, तेव्हा लाभ आहेच. पण निवडून न आलेल्या उमरावांपुढे निवडून आलेल्या मजूर सरकारने वचन गिळले, हेही आहे. आणि उबर-डिलिव्हरूचा मूळ प्रश्न, म्हणजे कामगार कुणाला म्हणायचे? विरोधी पक्षात असताना या पक्षाने सर्वांसाठी एकच दर्जा देऊ असे म्हटले होते. या कायद्यात ते नाही. कॅमडेनच्या त्या स्वारापुढे अजूनही तेच बदलीचे कलम आहे.

उबर निकाल हातात घेऊन आपल्या न्यायालयाकडे निघालेल्या मित्रांसाठी शेवटी एवढेच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात चार श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांची व्याख्या केली आहे, तीच मुळी पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर काम करणारे अशी. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. निधी येईल तेव्हा येवो. पण लॉर्ड लेगॅट यांना वस्तुस्थिती पाहून कामगार ठरवता आला, कारण ब्रिटिश कायद्याने तो शब्द मोकळा ठेवला होता. आपल्या संसदेने या माणसाला नात्याबाहेर उभे करूनच व्याख्या लिहिली आहे. उबरच्या वकिलांना लंडनमध्ये जे पाच वर्षे सिद्ध करता आले नाही, ते इथे त्यांना कायद्यातच छापून मिळाले. औद्योगिक संबंध संहितेने सगळ्याच उद्योगांत संपाला चौदा दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जाणार आहे.

तेव्हा पक्षाच्या पुढील बैठकीत दोन विषय घ्यावेत अशी माझी सूचना आहे. एक, ॲप कामगाराच्या व्याख्येतील ते चार शब्द काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक आपल्या खासदारांमार्फत मांडणे, मग ते संमत होवो न होवो. त्याचा दोन पानी मसुदा मी कार्यालयाकडे धाडीत आहे. दुसरा विषय पुणे, ठाणे आणि नाशिक येथील चालक व डबा पोहोचविणाऱ्यांच्या सभासद नोंदणीचा. महिना वर्गणी किती ठेवायची, ती कोण आणि कोणत्या दिवशी गोळा करणार, आणि तिचा किती हिस्सा खटल्यांसाठी वेगळा काढायचा, हे तालुका कार्यकर्त्यांनीच बसून ठरवावे लागेल.